सुई घेतल्यापासून

“डॉक्टर, सुई घेतल्यापासून हे असं होऊ लागलंय बघा.”

२०२१ नंतर हे वाक्य कानावर पडलं नाही असा फॅमिली डॉक्टर सापडणं अवघड. कर्नाटकातल्या बीदर आणि कलबुरगी या सीमेवरच्या जिल्ह्यांत ते चार भाषांत ऐकू येतं. भालकी-औरादकडं मराठीत, कलबुरगीत कन्नडमध्ये, बीदरच्या जुन्या गावात दखनीत, तेलंगणाच्या बाजूला तेलुगूत. वाक्याचा शेवट माणसागणिक बदलतो. कुणाचा हात वर जात नाही, कुणाला जिना चढताना दम लागतो, कुणाच्या तळपायांना मुंग्या येतात, कुणाला पहिल्यासारखं आठवत नाही. सुरुवात मात्र तीच: सुई घेतल्यापासून.

मग प्रश्न येतो. हे करोनाच्या लसीमुळंच झालं का? आणि झालं असेल तर इतके महिने राहतं का?

या प्रश्नाला दोन उत्तरं लगेच देता येतात आणि दोन्ही वाईट आहेत. एक, “काही नाही, मनाचं आहे.” दुसरं, “हो, त्या लसीनंच सगळं बिघडवलं.” दोन्ही उत्तरं अर्ध्या मिनिटात संपतात आणि पेशंटला पुढं काहीच मिळत नाही. तिसऱ्या उत्तराला वेळ लागतो. ते कसं शोधायचं, हे या प्रकरणात पाहू.

१. भीती आधी आली, लस नंतर

या भागातल्या लोकांच्या मनात करोना कसा शिरला, ते आधी आठवायला हवं. भारतातला करोनाचा पहिला मृत्यू कलबुरगीच्या माणसाचा. सौदी अरेबियातून परतलेले ७६ वर्षांचे गृहस्थ १० मार्च २०२० रोजी गेले. आधी कलबुरगीत उपचार, मग हैदराबादला नेणं, तिथून परत आणताना वाटेतच मृत्यू. दोन दिवसांनी तपासणीचा निष्कर्ष आला आणि देशभरच्या बातम्यांत कलबुरगीचं नाव झळकलं. दुखणं मोठं झालं की गाडी करून हैदराबाद, सोलापूर किंवा लातूर गाठायचं, ही इथल्या घराघराची सवय. त्या वाटेवरच पहिला बळी गेला.

लस आली १६ जानेवारी २०२१ रोजी. आधी आरोग्य कर्मचारी, मार्चपासून साठीपुढचे आणि आजार असलेले पंचेचाळिशीपुढचे, एप्रिलपासून पंचेचाळिशीपुढचे सगळे, मेपासून अठरा वर्षांवरचे. सर्वसामान्यांची पाळी आली ती नेमकी दुसऱ्या लाटेच्या तोंडावर. म्हणजे त्याच दोन-तीन महिन्यांत गावात लसही फिरत होती आणि विषाणूही. घरात कुणीतरी ऑक्सिजनवर होतं आणि त्याच आठवड्यात दुसऱ्याला डोस मिळाला होता. पुढं आलेल्या प्रत्येक तक्रारीचा गुंता इथूनच सुरू होतो.

२. कावळा आणि फांदी

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असं आपण म्हणतो. फांदी कावळ्यामुळं मोडली नाही, हे सुचवायला ही म्हण वापरतात. पण खरा प्रश्न पुढचा आहे. कावळ्यामुळं मोडली की नाही, हे ठरवायचं कसं? एकाच फांदीकडं कितीही वेळ बघत बसलं तरी ते कळत नाही. कावळे बसलेल्या शंभर फांद्या मोजायच्या, न बसलेल्या शंभर मोजायच्या, आणि कुठल्या जास्त मोडल्या ते पाहायचं.

एक सोपं गणित करू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. समजा, एका तालुक्यात चाळिशीपुढची ७३,००० माणसं आहेत आणि त्यांच्यात दर वर्षी हजारी पाच जणांना लकवा किंवा हृदयविकाराचा झटका येतो. वर्षाला ३६५, म्हणजे दिवसाला एक. आता या सगळ्यांना एकाच दिवशी दंडात नुसत्या मिठाच्या पाण्याची सुई टोचली, तरी पुढच्या सात दिवसांत सात जणांना झटका येणारच. त्या सात घरांना कोण पटवणार की सुईचा संबंध नव्हता? त्यांच्या दृष्टीनं घटनाक्रम स्वच्छ आहे: काल सुई, आज झटका.

लसीनंतर सातऐवजी चौदा दिसले, तर मात्र कान टवकारायला हवेत. शंका योग्य की अयोग्य, हे ठरतं ते या जादा आकड्यावर.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं तरुणांच्या आकस्मिक मृत्यूंचा अभ्यास केला तो याच रीतीनं. २०२३ साली देशातल्या ४७ रुग्णालयांच्या परिसरात, १८ ते ४५ वयातल्या, धडधाकट असताना अचानक गेलेल्या ७२९ जणांची माहिती घेतली. प्रत्येकामागं त्याच वयाची, त्याच भागातली चार जिवंत माणसं निवडली, अशी २,९१६. मग दोन्ही बाजूंना विचारलं: लस घेतली होती का, करोनानं रुग्णालयात राहावं लागलं होतं का, घरात असं कुणी अचानक गेलं होतं का, आधीच्या दोन दिवसांत खूप दारू किंवा अंगमोड श्रम झाले होते का. लसीमुळं धोका वाढल्याचं दिसलं नाही. वाढवणाऱ्या गोष्टी त्या बाकीच्या निघाल्या.

कर्नाटकात हा प्रश्न २०२५च्या जुलैमध्ये पुन्हा पेटला. हासन जिल्ह्यात महिनाभरात वीसहून अधिक माणसं हृदयविकारानं गेल्याच्या बातम्या आल्या आणि मुख्यमंत्र्यांनीच लसीचा संबंध तपासायला हवा, असं जाहीरपणे म्हटलं. बेंगळुरूच्या जयदेव हृदयरोग संस्थेचे तेव्हाचे संचालक डॉ. के. एस. रवींद्रनाथ यांच्या समितीला लसीशी संबंध आढळला नाही. मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान ही ओळखीची कारणंच पुढं आली. मला इथं एक गोष्ट महत्त्वाची वाटते. प्रश्न विचारणं चूक नव्हतं. वीस घरांत माणसं गेली होती, त्यांना उत्तर मिळायलाच हवं होतं. उत्तर मात्र मोजून मिळतं.

३. पाच खुंट्या

लस घेतल्यावर जे काही बिघडतं, त्या सगळ्याला सरकारी कागदांत ‘लसीकरणोत्तर प्रतिकूल घटना’ म्हणतात. नाव जड आहे, पण त्यात एक शहाणपण आहे: ‘उत्तर’ म्हणजे ‘नंतर’. ‘मुळे’ असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही. घटना आधी नोंदवायची, कारण नंतर शोधायचं. कारणांसाठी पाच खुंट्या ठरलेल्या आहेत आणि प्रत्येक घटना शेवटी त्यांपैकी एकीवर टांगता येते का, ते पाहतात.

पहिली खुंटी लसीच्या स्वभावाची. सगळं नीट केलं तरी लस काही जणांना त्रास देते. ताप, ठणका, अंगदुखी इथंच येतात, आणि फार क्वचित गंभीर गोष्टीही. जुन्या पिढीला कुत्रा चावल्यावर पोटात घ्यायची चौदा इंजेक्शनं आठवत असतील. ती लस मेंढीच्या मेंदूत वाढवलेल्या विषाणूपासून बनत असे. त्या मेंदूतल्या चेतातंतूंचे अंश लसीत राहायचे, आणि काही जणांचं शरीर त्यांच्याशी लढता लढता स्वतःच्याच चेतातंतूंवर उलटायचं. पाय लुळे पडायचे. हे डॉक्टरांनी पाहिलं, नोंदलं, जगभर मांडलं, अधिक चांगली लस आली आणि २००४च्या अखेरीस भारतात जुनीचं उत्पादन थांबवण्यात आलं. लसीमुळं दीर्घकाळ त्रास होऊ शकतो, हे वैद्यकानं कधी नाकारलेलं नाही. उलट ते ज्यांनी नोंदवलं, त्यांच्यामुळंच आजची लस सुरक्षित आहे.

दुसरी खुंटी मालातल्या खोटीची. १९५५ साली अमेरिकेत कटर कंपनीच्या पोलिओ लसीत मारायचे राहिलेले जिवंत विषाणू निघाले. मुलं आणि त्यांच्या घरचे मिळून दोनशेच्या आसपास लोकांना पक्षाघात झाला, दहा जण दगावले.

तिसरी टोचणाऱ्याच्या चुकीची. प्लेगची लस मुंबईत तयार करणारे हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली होती. पाच वर्षांनी, १९०२ साली, पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वातानं मेले. ठपका हाफकिन यांच्यावर आला, त्यांना कामावरून दूर केलं गेलं. पुढं कळलं की बाटली मुंबईहून चांगलीच निघाली होती. गावात ती उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. परळच्या संस्थेला आज त्यांचं नाव आहे. एकोणीस मृत्यू खरे होते, ते सुईनंतरच झाले होते, आणि तरीही लस निर्दोष होती. ‘नंतर’ आणि ‘मुळे’ यांच्यातलं अंतर याहून स्पष्ट कुठं दिसत नाही.

चौथी खुंटी भीतीची. रांगेत उभ्या मुलीला सुई बघून भोवळ येते, मागच्या चौघींना तिला पाहून येते. पाचवी योगायोगाची, म्हणजे कावळ्याची.

४. प्रत्येक त्रासाची मुदत असते

चुलीतला जाळ ओढून काढला तरी राख सकाळपर्यंत कोमट राहते. तिसऱ्या दिवशीही चूल तापलेली असेल, तर मागं कुणीतरी नवं लाकूड घातलेलं असतं.

लसीचंही तसंच. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोविशिल्ड आणि हैदराबादच्या भारत बायोटेकची कोव्हॅक्सिन, या दोनच लसी बहुतेक लोकांनी घेतल्या. कोव्हॅक्सिनमध्ये मारलेला अख्खा विषाणू होता. कोविशिल्डमध्ये शरीरात वाढू न शकणारा दुसराच एक विषाणू होता, करोनावरच्या काट्यासारख्या प्रथिनाची कृती पेशीपर्यंत पोचवणारा. दोन्ही गोष्टी शरीर काही दिवसांत-आठवड्यांत मोडून टाकतं. मागं राहते ती ओळख. त्यामुळं लसीच्या बहुतेक त्रासांना ठरलेली मुदत असते.

तीव्र ॲलर्जी मिनिटांत येते. म्हणून तर अर्धा तास बसवून ठेवतात. ताप आणि अंगदुखी एक-दोन दिवस. गोवरच्या लसीनं ताप-पुरळ आलं तर आठवड्यानंतर येतं. तान्ह्या बाळाच्या दंडावर बीसीजीची गाठ काही आठवड्यांनी फुगते, फुटते, भरते आणि व्रण ठेवून जाते. हे अपेक्षितच असतं. नसांचा लकवा, ज्याला गियाँ-बारे म्हणतात, तो लसीमुळं आलाच तर साधारण सहा आठवड्यांच्या आत दिसतो. आणि कोविशिल्डनंतरच्या रक्ताच्या गुठळ्या, ज्यांत प्लेटलेटही घटतात, त्या साधारण चौथ्या दिवसापासून सहा आठवड्यांपर्यंत.

या शेवटच्या त्रासाकडं जरा नीट पाहू. तो खरा आहे, दुर्मीळ आहे आणि जीवघेणा आहे. मे २०२१मध्ये केंद्राच्या समितीनं गंभीर अशा ४९८ घटना तपासल्याचं सांगितलं. त्यांत २६ अशा गुठळ्यांच्या असण्याची शक्यता होती. प्रमाण दिलं होतं दहा लाख डोसांमागे ०.६१. त्याच निवेदनात ब्रिटनचा आकडा ४ आणि जर्मनीचा १० होता.

आता हे बीदरला लावून पाहा. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १७ लाख. प्रत्येकाला एक डोस दिला असं धरलं, तर भारताच्या आकड्यानं अख्ख्या जिल्ह्यात एक रुग्ण, ब्रिटनच्या आकड्यानं सात, जर्मनीच्या आकड्यानं सतरा. एखाद्या फॅमिली डॉक्टरला आयुष्यात असा रुग्ण दिसणारही नाही.

पण आपला आकडा इतका लहान का? आपल्या लोकांत हा त्रास मुळातच कमी असावा, असं तेव्हा सांगितलं गेलं आणि ते शक्य आहे. दुसरी शक्यताही मनात ठेवायला हवी. गुठळी ओळखायला प्लेटलेटची मोजणी आणि मेंदूचं स्कॅन लागतं. औरादच्या एखाद्या तांड्यावर दहाव्या दिवशी डोकं असह्य दुखू लागलं, तर स्कॅनपर्यंत किती जण पोचले असतील? म्हणून लसीनंतरच्या दिवसांत न थांबणारी डोकेदुखी, दम, छातीत दुखणं, एका पायाला सूज, पोटात सतत दुखणं, दोन-दोन दिसणं, सुईच्या जागेपासून दूर अंगावर लाल ठिपके, यांतलं काही दिसलं की थांबायचं नाही, असा इशारा केंद्रानं तेव्हाच दिला होता.

एप्रिल २०२४च्या शेवटी बातमी आली की कोविशिल्ड मुळात ज्या कंपनीची, त्या ॲस्ट्राझेनेकानं ब्रिटनमधल्या न्यायालयात हा दुर्मीळ त्रास मान्य केला. २०२१ साली डोस घेतलेली माणसं घाबरली. पण मुदतीचं गणित लावलं की भीती उतरते. सहा आठवड्यांत यायचा त्रास तीन वर्षांनी येत नाही. तीन वर्षांनी छातीत कळ आली, तर ती नव्या लाकडाची आहे. त्याकडं लगेच पाहायला हवं, आणि लसीवर बोट ठेवून बसलं तर ते राहून जातं.

५. मग रेंगाळतं ते काय?

समजा भालकीतल्या दवाखान्यात पंचावन्न वर्षांची एक बाई आली आहे. “सुई घेतल्यापासून हा हात वर जात नाही बघा. वेणीसुद्धा सुनेकडून घालून घ्यावी लागते.” डॉक्टरांचा पहिला प्रश्न साधा असायला हवा: “अक्का, कुठल्या दंडात घेतली होती?”

उजवा हात दुखतोय आणि सुई डाव्यात होती, तर अर्धं उत्तर तिथंच मिळालं. त्याच दंडात होती, तर पुढं जायचं. सुई दंडाच्या फुगीर स्नायूत द्यायची असते. ती फार वर, खांद्याच्या सांध्याजवळ टोचली गेली तर आतल्या पिशवीला सूज येऊन खांदा महिनोन्महिने दुखू शकतो. ही तिसऱ्या खुंटीची गोष्ट आणि ती खरी आहे. पण बाईंना काही वर्षांचा मधुमेह असेल, तर मधुमेही माणसांचा खांदा लसीशिवायही असाच आखडतो. सुई, साखर, की दोन्ही? दुखणं सुईनंतर दोन दिवसांत सुरू झालं की दोन महिन्यांनी, यावर पुष्कळ ठरतं. उपचार दोन्हींत जवळपास एकच, व्यायाम आणि वेळ. आणि साखर आटोक्यात.

मुंग्यांचं असंच. पूर्ण शाकाहारी घरांत ब-१२ जीवनसत्त्व कमी असणं नेहमीचं, आणि त्यानं तळपायांना मुंग्या येतात. थकव्यामागं रक्तक्षय, थायरॉइड, साखर, क्षयरोग असू शकतो. लसीवर येण्याआधी हे चार-पाच दरवाजे ठोठावून पाहणं, हा फॅमिली डॉक्टरांचा धर्म. त्यात तपासणीचा खर्च होतो हे खरं, पण बरा होणारा आजार हाती लागतो.

आणि करोना स्वतः? आजारातून उठल्यावर महिनोन्महिने दम, थकवा, विसर पडणं, धडधड राहते, हे जगभर नोंदलं गेलं आहे. दुसऱ्या लाटेत अनेकांना सौम्य आजार होऊन गेला, तपासणी झाली नाही, आणि त्याच पंधरवड्यात लस मिळाली. लसीची तारीख प्रमाणपत्रावर छापलेली, आजाराची कुठंच नाही. मग लक्षात लसच राहते.

या भागाला रेंगाळणाऱ्या दुखण्याचा आधीचा अनुभव आहे. २००६ साली चिकुनगुनियाची मोठी साथ आली. देशभरात सुमारे १३.९ लाख संशयित रुग्ण, त्यांतले निम्म्याहून अधिक कर्नाटकात. ताप चार-पाच दिवसांत गेला, पण सांधे धरले ते महिने-महिने. आजार जातो आणि त्रास राहतो, हे इथल्या डॉक्टरांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

मग लसीनंतर, दुसरं कुठलंही कारण न सापडता, महिनोन्महिने थकवा राहतो असं सांगणाऱ्या माणसांचं काय? अशी माणसं जगभर आहेत. जर्मनीत मारबुर्गच्या विद्यापीठ रुग्णालयानं त्यांच्यासाठी खास तपासणी सुरू केली. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ साली अशा ४२ जणांच्या रक्ताची तुलना २२ निरोगी लोकांशी केली आणि रोगप्रतिकारशक्तीत काही फरक दिसल्याचं प्राथमिक निष्कर्षांत मांडलं. हे फरक त्रासाचं कारण आहेत, परिणाम आहेत की योगायोग, हे इतक्या थोड्या लोकांवरून ठरत नाही, असं त्यांनीच बजावलं. माझ्या मते आज फॅमिली डॉक्टरांची प्रामाणिक भूमिका इथंच असू शकते: असा त्रास फार थोड्यांना होत असेल हे शक्य आहे, त्याची खात्रीची तपासणी अजून नाही, तुमचा त्रास खरा आहे, कारण सापडेपर्यंत तुमच्याकडं पाहणं थांबणार नाही.

६. “मनाचं आहे” म्हणण्यापूर्वी

करोना लसीच्या बारा चाचण्यांमधल्या ४५ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून २०२२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चाचणीत निम्म्यांना लस देतात, निम्म्यांना पाण्यासारखं निरुपद्रवी काहीतरी. कुणाला काय मिळालं ते कुणालाच सांगत नाहीत. पहिल्या डोसनंतर लस मिळालेल्यांपैकी शंभरात ४६ जणांना डोकेदुखी, थकवा असा अंगभर त्रास झाला. आणि पाणी मिळालेल्यांपैकी? शंभरात ३५ जणांना.

४६मधून ३५ वजा केले की उरतात ११. म्हणजे पहिल्या डोसनंतरच्या अशा चार तक्रारींपैकी तीन सुईतल्या औषधाच्या नव्हत्याच. काही त्या वयात, त्या ऋतूत असतातच अशा. काही अपेक्षेनं जन्मलेल्या. दुसऱ्या डोसला लसीचा स्वतःचा वाटा वाढला.

याचा अर्थ त्या ३५ जणांनी खोटं सांगितलं असा होत नाही. डोकं खरंच दुखलं होतं. भीतीनं नाडी वाढते, झोप उडते, स्नायू आखडतात. ते शरीरातच घडतं. “मनाचं आहे” म्हणून पेशंटला बाहेर काढणारा डॉक्टर त्याची भीती दुप्पट करून पाठवतो, आणि पेशंट पुढचं दार ठोठावतो. तिथं सलाइन लावतात, मग आणखी पुढं. “दुखतंय हे खरं. तपासण्यांत धोक्याचं काही नाही, हेही खरं. दोन आठवड्यांनी मला पुन्हा दाखवा,” ही तीन वाक्यं सलाइनपेक्षा अधिक काम करतात.

७. आधीचं माणूस

२०२४च्या मे महिन्यात बनारस हिंदू विद्यापीठातल्या संशोधकांचा कोव्हॅक्सिनवरचा एक निबंध गाजला. ९२६ जणांना वर्षभरानं विचारलं होतं, आणि सुमारे एक तृतीयांश लोकांना काही ना काही त्रास झाल्याचं म्हटलं होतं. आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं जाहीर आक्षेप घेतले. लस न घेतलेल्यांशी तुलना नाही. या लोकांत असे त्रास एरवी किती होतात, ते नाही. लसीआधी या माणसांची तब्येत कशी होती, ते नाही. आणि सगळं वर्षभरानं फोनवर विचारलेलं. काही महिन्यांनी नियतकालिकानं तो निबंध मागं घेतला.

या आक्षेपांतला तिसरा मुद्दा मला फॅमिली डॉक्टरांशी जोडावासा वाटतो. कावळा बसण्याआधी फांदी कशी होती? हैदराबादच्या मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञाला ते माहीत नसतं. तो आजचं माणूस बघतो. बसवकल्याणच्या बाजारपेठेतल्या डॉक्टरांनी मात्र या बाईला तिच्या बाळंतपणापासून पाहिलेलं असतं. २०१९ मध्ये ती याच खांद्यासाठी येऊन गेली होती का, तिची साखर केव्हा वाढली, नवरा गेल्यावर ती किती महिने झोपली नव्हती, हे त्यांच्या वहीत किंवा डोक्यात असतं. लसीनंतरच्या त्रासाचा निवाडा करायला लागणारी सर्वांत मोलाची गोष्ट त्यांच्याकडं आहे: आधीचं माणूस.

अडचण ही की ती बहुतेक वेळा डोक्यातच असते, वहीत नसते. आणि सीमेवर ती आणखी विखुरते. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा हा मुलूख वाटला गेला. बीदर-कलबुरगी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले, उदगीर-लातूर मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात. पण नातीगोती आणि दुखणी हद्द पाहून चालत नाहीत. डोस कमलनगरच्या आरोग्य केंद्रात, ताप उदगीरच्या डॉक्टरकडं, स्कॅन लातूरला, औषधं पुन्हा गावात. चार चिठ्ठ्या, दोन राज्यं, एक पिशवी. ती पिशवी टेबलावर ओतून कागद तारखेनं लावणं, हेच कित्येकदा निदानाचं पहिलं पाऊल ठरतं.

८. कळवायचं कुठं

२ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं लसीकरणाच्या खटल्यात निकाल दिला. कुणावरही लसीची सक्ती करता येणार नाही हा त्यातला भाग गाजला. पण त्याच निकालात आणखी एक आदेश होता: संशयित दुष्परिणाम सामान्य माणसांना आणि खासगी डॉक्टरांना स्वतः नोंदवता येतील, अशी सोय सरकारनं करावी. खासगी डॉक्टरांचा त्यात मुद्दाम उल्लेख आहे, कारण रेंगाळणारा त्रास सरकारी लसीकरण केंद्रात परत येत नाही. तो फॅमिली डॉक्टरकडं येतो.

लसीनंतर मृत्यू, रुग्णालयात भरती किंवा अपंगत्व अशी गंभीर घटना असेल, तर ती चोवीस तासांत प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा जिल्हा लसीकरण अधिकाऱ्यांना कळवायची असते. इतर त्रास औषध-दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर पेशंटलाही सांगता येतो. कळवायला लसीमुळंच झालं याची खात्री लागत नाही. शंका पुरते. खुंटी ठरवणं समितीचं काम.

भालकीच्या त्या बाईंचा अहवाल लिहायला डॉक्टरांना दहा मिनिटं लागतील. कुठली लस, कुठला डोस, कुठला दंड. सुईची तारीख, दुखणं सुरू झाल्याची तारीख, मध्ये गेलेले दिवस: तीन. आधी हा खांदा दुखायचा का? इथं जुनी वही उघडावी लागेल. २०१८च्या पानावर गुडघ्याची तक्रार आहे, खांद्याची नाही. साखर, त्या वर्षापासून. करोना, तपासणी झालेली नाही, पण एप्रिलमध्ये घरात दोघांना ताप. शेवटी कारण काय वाटतं, या जागी ते लिहितील: सांगता येत नाही, सुईची जागा वर गेली असण्याची शक्यता. मग बाईंना भिंतीपाशी उभं करून बोटांनी वर चढायचा व्यायाम दाखवतील, आणि बोटं आज कुठवर पोचली तिथं पेन्सिलीनं एक रेघ मारून खाली तारीख घालतील.